दोन तोंडांची लाईन

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

ही वही खरं तर तक्रारींची. पानावर चार रकाने आखलेले: तारीख, तक्रार, कुणाची, निवारण. पूर्वी अशी एक वही मला दोन महिनेसुद्धा पुरायची नाही. डीपी जळाली, जंप तुटला, दाब नाही, तारेवर फांदी पडली, एक ना दोन. ही जुलैत काढली आणि अजून निम्मी कोरी आहे. दिवाळीपासून तीन तक्रारी, त्यातली एक घरातल्या बल्बची. कागद वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून आता यात मीच लिहिणार. बायकोला, वच्छलाला, सांगितलं की खात्याचं काम आहे.

मी सर्जेराव, वायरमन. खुलताबादच्या डोंगराखालच्या पाच गावांत एकतीस वर्षं काढली. येत्या मे महिन्यात रिटायर होतो. सेवापुस्तक स्वच्छ आहे, एक मेमो नाही. सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं गाव कुणातरी एकाला शाल-श्रीफळ देतं. जाण्याआधी एकदा ते मला मिळावं, बाकी काही मागणं नाही.

तक्रारी का आटल्या तेही लिहितो. गायरानावर सौर प्रकल्प झाला. जिथं शेळ्यासुद्धा नाइलाजानं चरायच्या तिथं आता निळ्या काचा मांडल्या आहेत. पूर्वी शेतीची थ्री फेज निम्मा आठवडा रात्रीची यायची. माणसं बॅटरी घेऊन, सापविंचवातून पाणी द्यायला जायची. आता रोज सकाळी आठ ते चार, पुऱ्या दाबानं. मोटारी जळत नाहीत. चांगलंच आहे. मी कुठं वाईट म्हणतो?

प्लँट सांभाळायला कंपनीनं एक पोरगी ठेवली आहे. सोनिया. वय चोवीस, आयटीआय झालेली. लोक तिला मॅडम म्हणतात. मला एकतीस वर्षांत कुणी साहेब म्हटलं नाही, 'वायरमन आप्पा'वरच भागवलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कडुबाच्या हॉटेलात गल्ल्याजवळची खुर्ची माझी. तसं कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. आज तिथं सोनिया बसलेली, मांडीवर पिवळं हेल्मेट. मला बघून उठायला लागली तर कडुबाच म्हणाला, "बसा मॅडम, आप्पा बाकड्यावर बसतेल." मी बाकड्यावर बसलो. चहात साखर कमी होती.

रामकिसन अद्रकवाला तिला विचारत होता की उद्या लाईट किती वाजता येणार. मी समोर बसलेलो असताना. याच रामकिसनच्या मोटारीसाठी मी भरपावसात डीपीवर चढलेलो आहे. कामापुरता मामा म्हणतात तो असा.

ती गोकुळची पोर आहे. गोकुळ माझ्या हाताखाली हेल्पर होता, ठेकेदाराकडचा. अकरा वर्षांपूर्वी न विचारता खांबावर चढला आणि उजवा हात कोपरापासून गेला. चूक त्याचीच. कागदावर तसंच आहे. तो खात्यात कायम व्हायचा होता, ते राहिलं. आता खुलताबादला भद्रा मारुतीच्या रस्त्यावर नारळ-फुलं विकतो. तिकडून जाणं झालं तर मी गाडी थांबवत नाही. उगाच त्याच्या जखमेवर मीठ कशाला?

पोर मला काका म्हणते. गोड बोलते. गोड बोलणाऱ्यांची मला धास्ती वाटते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

प्लँटच्या कुंपणाजवळ तार सैल झाली होती. मी पोचेपर्यंत हिनं शिडी लावून बांधूनही टाकली होती. खालून बघितलं. वाईट बांधली नव्हती. पण एक गोष्ट खटकली. शेवटचा वेढा आत दुमडायचा, म्हणजे वाऱ्यानं सुटत नाही, ही माझी पद्धत. पाच गावांत दुसरं कुणी तशी बांधत नाही. हिनं तीच बांधलेली, पण उलटी, डावऱ्या माणसासारखी. लिहिते तर उजव्या हातानं. कुठंतरी माझी गाठ बघून चोरली असणार, आणि चोरताना उलटी झाली. नक्कल करायलाही अक्कल लागते.

खाली उतरून मला म्हणते, "काका, तुम्ही परमिट लेखी घेता ना?" परमिट म्हणजे लाईन बंद असल्याची परवानगी. सबस्टेशनच्या ऑपरेटरनं ती द्यायची, आपण सही करायची, मगच चढायचं. पुस्तकात तसं आहे. मी तिला सांगितलं की माझं परमिट कानात असतं. ऑपरेटरला फोन करायचा, 'बंद कर' म्हणायचं. शिवारातले पंप गप्प झाले की लाईन मेली. मला टेस्टर लागत नाही, तारेतला उरलासुरला करंट जमिनीत उतरवायचा डिस्चार्ज रॉड लागत नाही.

ती नुसती माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिली. मला राग आला.

३० नोव्हेंबर, रविवार

रामकिसनच्या पुतण्याचं लग्न. गावातल्या लग्नात वायरमनला फेटा बांधतात, हा रिवाज आहे. मंडपातली लाईट गेली तर कुणाचं तोंड बघायचं, म्हणून असेल. पण मानाचा तो मानाचाच. माझ्या कपाटात एकोणीस फेटे आहेत.

आज नावं पुकारली. सरपंच, पोलीसपाटील, मास्तर. मी शर्ट नीट केला. मग पुकारलं, "सौर प्रकल्पाच्या सोनिया मॅडम." पोरी हल्ली फेटे बांधतातच, त्याचं काही नाही. तिच्या डोक्याला भगवा फेटा शोभलासुद्धा, ते मी खोटं कशाला लिहू. माझं नाव शेवटी घेतलं. तोवर फेटे संपले. टॉवेल-टोपी दिली.

वच्छला म्हणाली, टॉवेल उपयोगाचा असतो. हिच्याशी एकतीस वर्षं संसार केला.

९ डिसेंबर, मंगळवार

खात्यानं आम्हा सगळ्या वायरमनना शहरात ट्रेनिंगला बोलावलं होतं. 'सौर लाईनीवर काम करताना घ्यावयाची काळजी.' आदल्या दिवशी तिथंच गारखेड्याला श्रेयाकडे मुक्काम केला. लेक माझी शाळेत शिकवते. सांगितलं तिला, मला आता काय शिकवणार हे लोक? ती म्हणाली, "बाबा, ऐकून तर या."

गेलो. पहिला तास एका साहेबाचा. तो म्हणाला, आतापर्यंत आपल्या लाईनीला एक तोंड होतं, करंट सबस्टेशनकडून यायचा. आता प्लँटच्या लाईनीला दोन तोंडं आहेत, इकडूनही येतो आणि तिकडूनही. म्हणून परमिट दोन्हीकडून घ्यायचं. एवढं मला कळलं. मग म्हणाला, पुढचं आपल्याला प्रत्यक्ष प्लँट चालवणाऱ्या मॅडम सांगतील, आणि मागच्या दारानं सोनिया आली. हातात खडू. फळ्यावर रेघा मारायला लागली. शेजारच्या तालुक्यातले जुने जुने वायरमन वह्या काढून उतरवून घेत होते.

मी पोट धरून उठलो. खरंच दुखत होतं. वच्छला ऐकेल तर म्हणेल, दुखणारच.

तिथून थेट शहागंजच्या बाजारात. नवा पट्टा घेतला, वच्छलाला स्वेटर घेतला, भजी खाल्ली. परत आलो तेव्हा चहा चालू होता. कन्नडकडचा एक जण म्हणाला, "पोरगी लई हुशार हाय राव. नावाचा घोळ चांगला समजावला." कसला घोळ ते मी विचारलं नाही. तिनं सांगितलेलं मी दुसऱ्याकडून उष्टं कशाला घेऊ?

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

प्लँट चालवणं म्हणजे काय ते आज बघितलं. काचेची खोली, पंखा, पडद्यावर आकडे. तिथं बसून ही पाच गावांची वीज बघते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आम्ही खांबावर उन्हात भाजलो तेव्हा लोकांना दोन तास लाईट मिळायची. ही पंख्याखाली बसते आणि आठ तास देते.

हे वाक्य परत वाचलं. लिहायचं होतं तसं आलं नाही.

घरी आलो तर डबा भरलेला. हुरड्याचं थालीपीठ, ठेचा. कुणाला, तर सोनियाला. "एकटी असते तिथं दिवसभर," वच्छला म्हणाली. मी म्हटलं, मीही एकतीस वर्षं एकटाच होतो. ती म्हणाली, "तुम्ही एकटे नव्हते. गोकुळ होता." आणि डबा घेऊन गेली.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. झेंडावंदन झालं, पोरांची कवायत झाली. सरपंच माईकवर म्हणाले, "गावाच्या अंधारात ज्यांनी..." मी चपला काढून ठेवल्या, स्टेजवर चपला घालून जाऊ नये म्हणून.

"...उजेड आणला, त्या आपल्या सोनियाताई."

चपला परत घालताना डाव्या पायात उजवी घातली. कुणी बघितलं नसेल. मी मळ्याच्या वाटेनं घरी आलो. टाळ्या तिथवर ऐकू येत होत्या. ती माईकवर काहीतरी बोलत होती, त्यात माझं नाव आल्यासारखं वाटलं. टोमणाच असणार.

थोड्या वेळानं ती दारात आली, हातात शाल-श्रीफळ. "काका हायेत का?" मी मागच्या खोलीत होतो. वच्छलाला खुणेनं सांगितलं, नाही म्हण. वच्छला म्हणाली, "हायेत, पण नाय म्हणायलेत." अशी बायको कुणाला मिळू नये. तरी मी बाहेर आलो नाही.

दुपारी नारळाची वडी केली होती. दोन खाल्ल्यावर कळलं की नारळ कुठला.

मला लाज वाटत नाही लिहायला: मी जळतो. कालच्या पोरीवर जळतो. तिला तीन महिन्यांत जे मिळालं ते मला सगळ्या नोकरीत मिळालं नाही. ती नसती तर आज तिथं मी असतो. असतोच.

२७ जानेवारी, मंगळवार

काही नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज जीव हलका झाला. ओढ्याजवळच्या खांबावर, गायरानच्या नव्या लाईनीवर, जंप, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, ठिणग्या टाकतोय. पहाटेच्या धुक्यात मला दिसला. पंख्याखाली बसणाऱ्यांना असं दिसत नसतं. तो तुटला तर प्लँट दिवसभर बंद. मी ठरवलं की उद्या आपण तो बांधून टाकायचा आणि मग कडुबाच्या हॉटेलात सहज बोलता बोलता सांगायचं.

संध्याकाळी तिचाच फोन. "काका, ओढ्याजवळचा जंप तुम्ही बघितला का? मी सबस्टेशनला लेखी कळवलंय. उद्या साडेधाला प्लँटवर या, दोन्हीकडचं परमिट लिहू, तुम्ही सही करा, मग बरोबर जाऊ." म्हणजे तिला आधीच दिसला होता. आणि सही करायला मी तिच्या दारात जायचं. तिनं परमिट द्यायचं, मी हात पुढं करून घ्यायचं.

बघू म्हणालो. साडेदहापर्यंत वाट कोण बघतो? काम आटोपूनच तिच्यापुढं उभा राहीन.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अक्षर वाकडं येतंय. जसं घडलं तसं लिहितो.

आठला ओढ्यावर पोचलो. आठच्या ठोक्याला पंप चालू झाले, शिवारभर घरघर. सव्वाआठला सबस्टेशनला फोन केला. ऑपरेटर इंद्रजीत, चांगला मुलगा आहे. म्हटलं, "गायरान बंद कर रे, जंप बांधायचाय, पंधरा मिन्टं." तो म्हणाला, "केलं आप्पा." पंप गप्प झाले. रामकिसनचा आधी, मग सगळे. ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. मी पट्टा लावला आणि चढलो.

गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत. अर्ध्यावर होतो तर खिशात फोन वाजला. काढून बघितला, सोनिया. कापला. दोन हात चढलो, परत वाजला. परत कापला. तारांच्या खाली पोचलो, पट्टा खांबाला अडकवला, हात वर करणार तर तिसऱ्यांदा. आता डोकं फिरलं. म्हटलं हिला आज ऐकवतोच, की बाई, मी कामावर आहे, पंख्याखाली नाही. ऐकवण्यासाठी म्हणूनच फोन उचलला.

ती ओरडली नाही. हळू बोलली.

"काका, हात खाली ठेवा. लाईन जिवंत हाय."

मी म्हटलं, "पंप बंद हायेत की."

"पंप जुन्या गायरानवर हायेत. तुम्ही नव्या गायरानवर चढलात."

मान वर केली. तार डोक्यापासून हातभर वर होती. जंप बारीक चरचरत होता. पंप चालू असताना तो आवाज ऐकू आला नव्हता, आणि पंप थांबल्यावर मी ऐकायचाच थांबलो होतो.

जुनी शेतीची लाईन, तिलाही आम्ही गायरान म्हणतो. नवी प्लँटची लाईन, तीही गायरान. प्लँटची वीज या नव्या लाईनीनं आधी सबस्टेशनला जाते आणि तिथून जुन्या लाईनीनं पंपांकडे येते. इंद्रजीतला मी नुसतं 'गायरान' म्हणालो, त्यानं एकतीस वर्षं जे गायरान होतं ते बंद केलं. ट्रेनिंगमध्ये फळ्यावर हेच काढलं होतं म्हणे: नुसतं गायरान म्हणायचं नाही, 'गायरान शेती' नाहीतर 'गायरान सौर'. मी तेव्हा शहागंजात भजी खात होतो.

तिला कळलं कसं? पंप गप्प झाल्यावर रामकिसननं तिला फोन केला, मॅडम, लाईट गेली. तिनं इंद्रजीतला विचारलं. तो म्हणाला, आप्पा जंप बांधायलेत. जंप कुठल्या लाईनीवरचा ते तिला माहीत होतं. लोक मला सोडून तिला फोन करतात म्हणून मी तीन महिने जळत होतो. आज रामकिसननं मला केला असता तर मी वर खांबावरून तोही कापला असता.

उतरलो. पाय जमिनीला लागले आणि तिथंच बसलो. ती स्कूटीवर आली, पाठीला डिस्चार्ज रॉड बांधलेला, हातात वही. पाणी दिलं. प्लँटकडून लाईन काढूनच आली होती. माझ्यादेखत इंद्रजीतकडून 'गायरान सौर' पूर्ण नावानं बंद करून घेतली, तोंडानं परत वदवून घेतली. टेस्टर लावला. रॉडानं तिन्ही तारांना अर्थिंग केलं. मग वही पुढं केली.

"सही करा, आणि आता जा वर. काम तुमचंच हाय."

मी गेलो. बांधला. शेवटचा वेढा आत दुमडला.

खाली आलो तर ती वेळ लिहीत होती. परमिट दिले: आठ बावन्न. त्याखाली शेऱ्याचा रकाना. 'वायरमन परमिटाशिवाय आठ वाजून वीस मिनिटांपासून खांबावर होते.' ही वही दर महिन्याला साहेबांकडे जाते. मे महिन्यापर्यंत तीन महिने उरलेत. एकतीस वर्षांत मेमो नाही.

मी म्हटलं, "सोनिया, परमिटाला आठची वेळ टाक. कुणाचं काय जातंय?"

तिनं पेन थांबवलं.

"काका, बाबांच्या वेळंला तुम्ही टाकली होती ना अशीच."

मी पट्टा सोडायला लागलो.

"बाबा म्हणले होते, काकांवर राग धरू नको. मी नाय धरला. पण वेळ खरीच लिहिणार."

तिनं शेरा तसाच ठेवला. मग वच्छलाचा रिकामा डबा माझ्या गाडीला अडकवला आणि प्लँटकडे गेली. दहा मिनिटांत पंप परत सुरू झाले.

८ फेब्रुवारी, रविवार

काल घराबाहेर पडलो नाही. आज खुलताबादला गेलो आणि गाडी थांबवली.

गोकुळ डाव्या हातानं दगडावर नारळ फोडत होता. एका फटक्यात बरोबर दोन भकलं. मला बघून त्यानं स्टूल पुढं केलं, "बसा दादा." जणू मी रोजच येतो. केस पांढरे झालेत. उजव्या बाहीला गाठ मारलेली.

मी विचारलं, "पोरीला तारेची गाठ तू शिकवलीस का?"

तो हसला. "व्हय. तुमचीच हाय. मला उजवा नाय, म्हणून तिला डावरी आली. पट्टा कसा लावायचा, खांबाला गुडघा कसा टेकायचा, जंप कसा धरायचा, समदं तुमचंच सांगितलं तिला. मला दुसरं कोण शिकवलं होतं?" फुलांवर पाणी मारत मारत पुढं म्हणाला, "एक तेवढं सोडून."

कोणतं, ते मी विचारलं नाही.

मी म्हटलं, मी जळतो तुझ्या पोरीवर. हे त्याला का सांगितलं कोण जाणे. गोकुळ म्हणाला, "म्हाईत हाय. ती पण सांगते." मग म्हणाला, "मीबी जळायचो दादा. तुमचे दोन्ही हात बघून."

गिऱ्हाईक आलं. तो त्याला नारळ द्यायला उठला. मी निघालो.

घरी येताना डोक्यात एकच होतं. जे मला येतं ते सगळं त्या पोरीत आहे. झेंड्यापुढं शाल घेऊन उभी होती ती माझीच पद्धत होती, डावरी झालेली. आणि जे मला येत नव्हतं तेही तिच्यात आहे. ते तिला माझ्यामुळंच आलं. अजूनही जळजळ होते. ती जाईल असं वाटत नाही.

आता ही वही जशी भरायची असते तशी एकदा भरतो. उद्या साहेबांकडे घेऊन जाणार, सोनियाची वही पोचायच्या आधी.

तारीख: १७ जून २०१४.

तक्रार: हेल्पर गोकुळ यास परमिट न घेता खांबावर चढवले. तो स्वतःहून चढला नव्हता. मी चढ म्हणालो. पंप गप्प होते, त्यावरून लाईन बंद आहे असे मी धरले. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. कुणालाच पाणी द्यायचे नव्हते, म्हणून पंप गप्प होते.

कुणाची: गोकुळची. त्यानं कधी केली नाही, म्हणून मी लिहीत आहे.

परमिट मागितल्याची वेळ मी तेव्हा नऊ पाच लिहिली होती. ती खोटी आहे, परमिटाची वाट न बघता तोच चढला असे दिसावे म्हणून लिहिलेली. गोकुळ चढला नऊ दहाला. मी सबस्टेशनला पहिला फोन केला नऊ पंचवीसला. तेव्हा तो खाली पडलेला होता.

निवारण: